जंक्शनवर उतरवलेली मुलं

इर्मेला टोर्नाऊ तेहतीस वर्षं लिंडेनरोडाच्या पोलीस कचेरीत संशयितांचे आकडे जुळवत होत्या. "संशयित म्हणजे गुन्हेगार नव्हे," हे प्रत्येक नव्या शिपायाला त्या पहिल्या कॉफीआधीच ऐकवत. त्यांच्या कामात कधी चूक सापडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्या गुरुवारी ती त्यांची त्यांनाच सापडली.

दुपारी डबा उघडून त्या लोणी लावलेला पाव खात होत्या. टेबलावर नगरसेवक प्रेटोरियस यांनी घरोघर वाटलेलं पत्रक पडलं होतं. "आमची मुलं शेजाऱ्यांच्या दुप्पट बिघडली! युवाघर बंद करा!" खाली बाईंनीच नगरपरिषदेला पाठवलेला तक्ता होता. गेल्या वर्षीचे एकवीस वर्षांखालचे संशयित, लिंडेनरोडात चारशे बारा, शेजारच्या आल्टवेडेलमध्ये एकशे नव्वद. लोकसंख्या दोन्हीकडे सारखीच. गावातली पोरं संध्याकाळी जमतात त्या युवाघराचा फैसला चार वाजता नगरपरिषदेत होणार होता.

'आमची' या शब्दापाशी बाईंची नजर थांबली. संशयित मोजला जातो तो गुन्हा जिथे नोंदवला तिथे, तो राहतो तिथे नाही. लिंडेनरोडाला मोठं जंक्शन आहे. विनातिकीट सापडलेली सगळ्या प्रांतातली पोरं तिथेच उतरवतात आणि तिथेच नोंदवतात. राहण्याच्या गावाचा रकाना नोंदीत होता, पण कुणी मागितला नाही म्हणून बाईंनी तो पाठवलाच नव्हता.

त्यांनी पाव तसाच ठेवला आणि दोन्ही गावांच्या नोंदी दोनदा मोजल्या. साडेतीनला दारात आलेल्या कचेरीप्रमुखांना त्यांनी चूक सांगितली आणि सभेला जायची परवानगी मागितली.

"टोर्नाऊबाई, तक्ता तुमचाच ना?" दारातून ब्रॅकमानसाहेब म्हणाले. "आता स्वतःच्याच लेकराला नावं ठेवता?"

"लेकरू लंगडं निघालं, साहेब."

"आपण आकडे द्यायचे. अर्थ त्यांनी लावायचा."

"त्यांनी लावलाय. चुकीचा. आणि तो लावायची सोय मीच करून दिली."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "जा मग. बोलू देतील याची खात्री नाही."

सभागृहात मागच्या बाकावर युवाघर चालवणारी वीबके बसली होती. हात मांडीखाली दाबलेले, चेहरा पांढराफटक. मतदान पुकारलं जात होतं. बाई दारातच उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. महापौरबाई जरा थांबल्या. "दोन मिनिटं. त्याहून जास्त नाही."

"चारशे बारापैकी दोनशे एक्केचाळीस मुलं आपल्या गावची नाहीत," इर्मेलाबाई म्हणाल्या. "हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. चूक माझी आहे. आपली मुलं एकशे एकाहत्तर. आल्टवेडेलची स्वतःची एकशे अठ्ठावन्न."

कुजबुज झाली. वीबकेने डोळे मिटले.

प्रेटोरियस हसले. "म्हणजे तरीही आपलीच जास्त! हो की नाही, बाई? सरळ सांगा."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. 'फरक नगण्य आहे' एवढं म्हटलं असतं तर वीबकेची सुटका झाली असती. बाईंना ते शब्द जिभेवर जाणवलेही.

"हो," त्या म्हणाल्या. "तेराने जास्त."

"ऐका! स्वतःच सांगतायत."

"पूर्ण ऐका, प्रेटोरियससाहेब. ती तेरा मुलं युवाघरात जातात की नाही, हे माझा तक्ता सांगत नाही. मीही सांगणार नाही. आणि एका वर्षाच्या तेरावरून पुढच्या वर्षाचं भाकीत मी तरी करणार नाही."

एक म्हातारे नगरसेवक पुटपुटले, "तेरा मुलांसाठी घराला कुलूप?" पण मतदान चुरशीचं झालं. महापौरबाईंनी हात दोनदा मोजले. बंद करण्याच्या बाजूने दहा, विरुद्ध अकरा. युवाघर वर्षभर चालू राहील, नव्या आकड्यांवर पुन्हा विचार होईल.

वीबके हसत धावत आली. "टोर्नाऊबाई, तुम्ही तर माझा जीवच घेतला होता! तेरा कशाला सांगितले?"

"कारण तेराच आहेत," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तीस झाले, तर तेही मीच सांगणार आहे. तुला आत्ताच सांगून ठेवते, पोरी."

वीबकेचं हसू ओसरलं. तिने मान डोलावली आणि युवाघर उघडायची वेळ झाली म्हणून ती निघाली.