चुकलं तर मार्क कटत न्हाईत

दुपारपासून जिवाला चैन न्हाई, म्हणून इथं लिहून राहिले.

मी लातूरला नीटची रिपीटर, तेही दुसऱ्यांदा. रविवारची टेस्ट सुटली की मी आणि माझी रूममेट शबाना, हिमायतनगरची, मोबाईलवर रोबोटच्या लढाईचा गेम खेळतो. पाच विरुद्ध पाच.

मी कायम लांबून नेम धरणारी. आज तर रोबोटची ढाल काढून टाकली आन त्या जागी लांब पल्ल्याची दुसरी बंदूक बसवली. टेकडीवर जाऊन बसले. खाली शबाना तिचा जाडजूड रोबोट घेऊन एकटी मार खात होती.

तिला मारणारा खांबाआड अर्धाच दिसत होता. माझं बोट बटणावर. पण कानात क्लासच्या सरांचा आवाज, "खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्या, चुकलं की मार्क कटतात."

मी सोडून दिला.

शबानाचा रोबोट जळाला, आम्ही हरलो. माझ्या नावापुढं मात्र आलं, चार गोळ्या, चारही बरोबर. नेम शंभर टक्के!

शबाना शेजारच्या कॉटवरून ओरडली, "अगं येडे, इथं चुकलं तर मार्क कटत न्हाईत! मारायचं ना!"

मी हसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पप्पांना सांगायचंय की मला आता डॉक्टर व्हायचं न्हाई. दिवाळीपासून रोज त्यांचा नंबर काढते आन फोन ठेवून देते, कारण पक्की खात्री वाटत न्हाई.

तुमच्यापैकी कुणी खात्री नसताना असा फोन केलाय का? लवकर सांगा. पप्पांना फोन लावलाय, रिंग वाजून राहिली.