उजव्या बाजूची खिडकी

आमची गाडी पुढून कार आणि मागून टेम्पो होती. पोंभुर्ण्याच्या बाजारात लोक तिला ‘अर्धी गाडी’ म्हणायचे आणि मला राग यायचा. गाडी परदेशातली, स्टिअरिंग डाव्या हाताला. खाणीवर आलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरनं ती आणली होती आणि बाबा त्याचे ड्रायव्हर होते. काम संपलं तेव्हा तो गाडी बाबांना देऊन गेला. कागद मात्र खाणीच्याच नावावर राहिले आणि आम्ही तिच्यात तलावातली मासळी भरून बाजार करत राहिलो. आमच्याकडे जोवर कोणी अडवत नाही तोवर सगळं चालतं.

डावीकडे बसून गाडी चालवणाऱ्याला पुढच्या ट्रकच्या पलीकडचं दिसत नाही. ते बघायचं काम आईचं होतं. उजव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ती ‘थांबा’ म्हणायची, नाहीतर ‘चाला’. घरात बाबा तिचं एक ऐकायचे नाहीत, पण रस्त्यावर तिच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. तिला या कामाचा भारी तोरा होता आणि तो तिला शोभायचा.

धानकापणीच्या दिवसांत मूलच्या रस्त्यावर एकदा ती ‘चाला’ म्हणाली आणि समोरून बांबूचा ट्रक आला. बाबांनी गाडी कशीबशी बाजूला घेतली. मासळीची पेटी रस्त्यावर सांडली. आई म्हणाली, डोळ्यावर ऊन आलं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

पुढच्याच आठवड्यात बाबा आरमोरीला माझ्याकडे आले. मी तिथे शाळेत शिकवते. आईसमोर डॉक्टरचं नाव काढलं की ती उठून जात होती. तिच्या आईचेही डोळे असेच गेले होते आणि मग आजीला कोणी घराबाहेर नेलं नव्हतं. बाबांनी चहा पूर्ण संपवला आणि म्हणाले, “गाडी कायद्यात बसवून दे माय. स्टिअरिंग उजवीकडं आलं का तिले पाहा लागत नाई. तिले सांगू नको.”

आईला आम्ही सांगितलं की पोलिसांचं चेकिंग वाढलंय. ते खोटंही नव्हतं. खाणीच्या ऑफिसात आम्हाला ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. त्या खिडकीवरून या खिडकीवर जाताना मी किती जणांशी भांडले, ते आता आठवत नाही. परदेशातून गाडी आणताना कर भरल्याची जुनी पावती सापडली तेव्हा मी देवापुढे नारळ फोडला, एरवी माझं त्याच्याशी फारसं पटत नाही. स्टिअरिंग उजवीकडे घेतल्याशिवाय पासिंग होणार नाही, असं आरटीओतल्या साहेबांनी बजावलं. मी रडकुंडीला येईन असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांचे आभार मानले.

चंद्रपूरच्या मिस्त्रीनं गाडीचा पुढचा भाग सगळा उघडून काम केलं. गाडी घरी आली त्या दिवशी आई सवयीनं उजवं दार उघडून उभी राहिली. आत स्टिअरिंग होतं. तिनं दार हळूच लावलं आणि वळसा घालून डावीकडे जाऊन बसली. मला तिच्याकडे बघवेना.

आरटीओतल्या तपासणीला आई हट्टानं सोबत आली. साहेब शेजारी बसले आणि त्यांनी बाबांना एक फेरी मारायला लावली. परत आले ते वैतागूनच. रस्ता रिकामा असताना बाबा एका बैलबंडीच्या मागे रांगत राहिले होते आणि त्यांनी साहेबांनाच विचारलं होतं, मोकळा आहे का? गाडी ठीक आहे, साहेब मला म्हणाले, पण आधी यांचे डोळे तपासून आणा.

बाबा खाली मान घालून उभे राहिले. सवय आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सवय कसली, हे साहेबांनी विचारलंच असतं आणि मग आईचं नाव आलं असतं. मीही गप्प बसले. माझ्यासारख्या बाईला हे किती जड जातं ते माझ्या शाळेतली पोरं सांगतील.

निंबाखाली बसलेली आई उठली आणि पदर सावरत पुढे आली.

“त्यायचे डोळे चांगले आहेत साहेब,” ती म्हणाली. “मलेच दिसत नाई. इतके दिवस मी सांगो, म्हणून थे विचारते. गाडी पास करून द्या.”

गाडी पास झाली. तिला कधीपासून माहीत होतं, हे आम्ही विचारलं नाही.

परतताना मी दोघांच्या मध्ये बसले होते. पुढे धानाच्या तणसानं भरलेला ट्रॅक्टर आला. वळणापर्यंत रस्ता मोकळा होता, बाबांना तो स्वच्छ दिसत होता, तरी ते मागेच राहिले. आमच्या मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.

आईनं डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिकडे नुसते बांध होते आणि पळसाची झाडं. बराच वेळ ती वाऱ्यात तशीच बघत राहिली.

“चाला,” ती म्हणाली.

मग बाबांनी गाडी उजवीकडे काढली.