थंड निखारे

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये भांडण नको. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. अमावास्येला नखं कापणारी, मांजर आडवं गेलं तर त्यालाच हाड् करणारी मी. हैदराबादच्या जामबागेतल्या आमच्या घरात आई दृष्ट काढायला लागली की मी हसून उठून जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच जरा ओशाळं वाटतंय… पण लिहिते.

मी केंद्र सरकारच्या उद्योग-व्यापाराला मदत करणाऱ्या एका खात्यात होते. खात्याचं नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माझी माणसं आहेत. लहान कारागिरांचा माल परदेशी प्रदर्शनांपर्यंत पोचवायचा, हे आमच्या सेक्शनचं काम. तेव्हा खात्याची पुनर्रचना चालू होती. दोन विभाग एक झाले होते, पाट्या बदलत होत्या, कोण कुणाचा साहेब हे रोज सकाळी नव्याने विचारावं लागायचं. आमची योजना बंद होणार हे ठरलेलं होतं. फक्त परदेशी प्रदर्शनासाठीची शेवटची एक निवड उरली होती, आणि तीही नारायणगुड्याला घेतलेल्या ऑफिसच्या नव्या जागेतूनच करायची असा वरून हुकूम.

त्या निवडीत रुखसानाबी होती. लाड बाजारच्या मागच्या गल्लीत लाखेच्या बांगड्या करायची. नवरा नव्हता, पदरात एक लहान मुलगी. दोन वर्षं ती मला बाजी, म्हणजे ताई, म्हणत माझ्याकडे खेटे घालत होती. हे प्रदर्शन मिळालं तर ती माल पडेल भावात उचलणाऱ्या दलालाच्या हातातून सुटणार होती. आणि या वेळी हुकलं, तर पुन्हा अर्ज करायला योजनाच राहणार नव्हती. मी तिला "होईल गं" म्हणून ठेवलं होतं, आणि होईल असं मला खरंच वाटत होतं. एवढं सुंदर काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

निवड समिती दुपारी येणार म्हणून सकाळीच नव्या जागेत प्रवेश करायचा ठरला. आमच्याकडे हैदराबादेत नव्या जागेत पाऊल टाकलं की आधी दूध उतू जाऊ देतात. तेलुगू काय, मराठी काय, सगळेच. आमची सुपरिंटेंडंट लक्ष्मीअक्का घरून गॅसची छोटी शेगडी आणि नवं पातेलं घेऊन आली. हॉलच्या पूर्वेच्या कोपऱ्यात दूध ठेवलं. शेगडी पेटली, ज्योत चांगली निळी.

दूध तापेचना.

आधी थट्टा झाली. सरकारी दूध आहे, वरून मंजुरी आल्याशिवाय उतू जाणार नाही, असं मीच म्हणाले. मग हळूहळू सगळे पातेल्याभोवती जमले. बराच वेळ झाला तरी साय नाही, बुडबुडा नाही. अक्काने पातेल्याला हात लावला आणि पदराला पुसला. समिती यायची वेळ जवळ येत चाललेली, त्यामुळे आमचे नागपूरचे साहेब वैतागले. त्यांनी समोरच्या हॉटेलातून उकळलेलं दूध मागवलं आणि पातेल्यात वरून ओतलं, भरून वाहीपर्यंत. झालं उतू, वाजवा टाळ्या. आम्हीही वाजवल्या.

अक्काने वाजवल्या नाहीत. ती उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली आणि मला जवळ बोलावलं.

"वद्दम्मा," ती हळूच म्हणाली. "आज नको. ही जागा नाही म्हणतेय, आणि आपण तिला फसवलं."

मी म्हटलं, अक्का, आज नाही तर रुखसानाचं कधीच नाही. पण ती दिवसभर आत आली नाही, बाहेर स्टुलावर बसूनच तिने कामं केली. सांडलेलं दूध पुसायला मी वाकले तेव्हा ते बर्फासारखं गार लागलं, हे मात्र मी कुणाला बोलले नाही. फरशी गार असेल, अशी मनाची समजूत घातली.

दुपारी समिती आली. रुखसानाने आपली कोळशाची शेगडी बाहेरच्या गच्चीत पेटवून आणली होती, निखारे लालभडक. तिने ती हॉलमध्ये मांडली, लाखेची कांडी निखाऱ्यांवर धरली आणि फिरवायला लागली. लाख मऊ झाली की ती लाकडी साच्यावर वळायची आणि गरम आहे तोवर खडे बसवायचे, असं ते काम. कांडी फिरत राहिली. लाख दगडासारखी कडकच.

समितीतले एक गृहस्थ घड्याळ बघायला लागले. रुखसानाच्या कपाळावर घाम… आणि समोर निखारे धगधगताहेत. मला राहवलं नाही. मी जाऊन शेगडीवर हात धरला. खरं सांगते, फ्रीजचं दार उघडल्यावर येते तशी हवा बोटांना लागली.

"बाजी," रुखसाना माझ्याकडे बघून म्हणाली, "इसमें गर्मीच नै है."

आणि मला काही कळायच्या आत तिने उजवा तळवा निखाऱ्यांवर टेकवला. दाबून. तिने हात उचलून आम्हाला दाखवला… थोडी राख लागलेली, बाकी काही नाही. डागसुद्धा नाही. समितीतल्या बाई काहीतरी पुटपुटत मागे सरकल्या. रुखसाना म्हणाली कोळसा खराब निघाला, दुसरा घेऊन येते. आणि गच्चीकडे निघाली.

तिने उंबरा ओलांडला आणि किंकाळी फोडली.

मी धावत बाहेर गेले. माझ्या डोळ्यांदेखत तिच्या तळव्याची कातडी लाल झाली, फुगली, सोलली. आणि त्याच क्षणी माझ्याही बोटांच्या टोकांना चटका बसला, तव्याला हात लागल्यासारखा. अक्काने तिला मिठीत घेतलं आणि तेलुगूत देवाचं नाव घेत राहिली. 

निवड तिचीच झाली. समितीने तिने आधी केलेल्या बांगड्या पाहूनच नाव दिलं. पण ती प्रदर्शनाला गेली नाही.

हात बरा झाल्यावर मी तिच्या घरी गेले. तिने सांगितलं, लाख किती तापली, कधी वळायची, ते हातालाच कळावं लागतं, आणि आता हात काही सांगतच नाही. डॉक्टर म्हणाले, एवढं खोल भाजल्यावर उजव्या हाताची जाणीव जाणं शक्य आहे. पण डावा? डाव्या हाताला तर साधा ओरखडाही नव्हता. त्यालाही ऊन-गार कळेना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि खांदे उडवले. ती आता दुसऱ्यांनी केलेल्या बांगड्या विकते, त्याच दलालाच्या दुकानात बसून.

आमच्या त्या हॉलमध्ये नंतर कितीतरी वेळा चहा उकळला, हीटर लावले, सगळं तापलं. वायरिंगवाले येऊन गेले, इमारतीचा मालक शपथेवर सांगतो की तिथे कधी काही घडलेलं नाही. मी खूप विचारपूस केली. काहीही हाती लागलं नाही. माझ्याकडे आजही याचं स्पष्टीकरण नाही, कुणाकडे असेल तर सांगा, मी ऐकेन. पूर्वी हसले असते.

त्या दिवशी रुखसानाच्या घरून मी निघाले तेव्हा ती मुलीला अंघोळ घालायला बसली होती. तिने तांब्या बादलीत बुडवला, माझ्यापुढे धरला आणि नजर चुकवत म्हणाली,

"बाजी, जरा हाथ लगाके बोलो ना… बच्ची कू जलेगा क्या?"