लांब दांड्यांची कात्री

थोरलीला सगळी गल्ली टाचणी म्हणायची. ती शिवणकाम करायची, त्यामुळे ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या असत. आणि टाचण्या काढून ठेवल्या तरी तिचं बोलणं टोचायचंच. धाकट्या जावेशी तर लग्नाच्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. थोरलीने खिडकीला निळे पडदे लावले की आठवडाभरात धाकटीकडेही निळेच. थोरलीने ज्याला हात लावला, ते धाकटीला हवंच. ही खोड थोरलीला तोंडपाठ होती.

घराची वाटणी झाली तेव्हा खोल्या, कपाटं, भांडी, सगळं तणतणत का होईना, पार पडलं. मग मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत उठली आणि थोरलीचा जीव तिथे अडकला. तिच्या आईने शेवटच्या आजारात दिलेल्या फांदीपासून वाढवलेला पिवळा गुलाब भिंतीपलीकडे गेला होता. झाड जुनं, उपटून हलवलं तर जगेलच असं नाही. ‘तो मला दे’ असं म्हणायला तिची जीभ रेटेना. मागितला की धाकटी हट्टाला पेटणार, हे ठरलेलं.

तेव्हा तिने वेगळाच डाव मांडला. बागेची हत्यारं अजून वाटायची होती. गुलाबाला असं लागतं तरी काय? एक सिकेटर, म्हणजे मुठीत मावणारी छाटणीची कात्री. काट्यांसाठी जाड हातमोजे, एक खुरपं, एक झारी. बाकी सगळी हौस. सिकेटर आपल्या हाती आलं की छाटणीच्या वेळी आपल्यावाचून धाकटीचं पानही हलणार नाही. झक मारत भिंतीशी येईल, ‘ताई, तेवढं बघता का’ म्हणेल, आणि आईचं झाड आपल्याच हाताखाली राहील.

पण सासऱ्यांनी घोळ केला. “खोल्या निवडताना थोरलीची पाळी आधी होती,” ते म्हणाले, “आता धाकटी आधी निवडेल.”

मग थोरलीने नाटक सुरू केलं. कापडाच्या कात्रीने कुणाला कागद कापू न देणारी ही बाई. तिने सिकेटर मुद्दाम ओल्या मातीत पडू दिलं. त्याच्यावर गंज चढताना पाहून तिचे हात शिवशिवले, पण तिने उचललं नाही. उलट कुंपण कापायची लांब दांड्यांची कात्री घेऊन ती रोज मागच्या पायरीवर बसायची, घासून-पुसून लख्ख करायची आणि शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, “गुलाबाला हीच लागते बघा. पार बुंध्यापाशी कापायचं, सपासप. मग कसा जोमाने फुटतो!” काकूंकडे साधी तुळसही टिकत नसे. त्या मान डोलवायच्या.

वाटणीच्या दिवशी सासऱ्यांनी हत्यारं बाकावर मांडली. धाकटी सरळ लांब कात्रीकडे गेली.

“घे बाई,” थोरली चेहरा पाडून म्हणाली. “चांगलं ते तुझ्याच वाट्याला यायचं.”

“नजर लावू नका, ताई. तुमच्या खोल्यांना लावली होती का मी?”

थोरलीने नाइलाज दाखवत गंजकं सिकेटर उचललं. धाकटीने हातमोजे घेतले, थोरलीने खुरपं. झारीवरून अशी जुंपली की सासरे झारीच घेऊन आपल्या खोलीत गेले.

आपल्या खोलीत येऊन थोरलीने सिकेटरचा गंज काढला, पातं परजलं, तेल दिलं. तिला आनंद झाला होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही. पुढचे काही दिवस एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचे कपडे शिवण्यात गेले. मागच्या दाराकडे फिरकायलाही फुरसत नव्हती.

ती अंगणात गेली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. असल्या उन्हात गुलाबाला कुणी कात्री लावत नाही. पलीकडे पिवळा गुलाब नव्हता. मातीलगत चार-पाच खुंट होते, चावून टाकल्यासारखे चेचलेले, वरून काळे पडत चाललेले. शेजारी धाकटी लांब कात्री घेऊन उभी होती.

“ताई, बघा ना. तुम्ही काकूंना सांगत होतात तसंच केलं. दांडे जाड, कात्री चालेना. हाताला फोड आले, पण सोडलं नाही.”

“याच झाडापासून का सुरुवात केलीस?”

“तुमच्या आईचं ना ते. म्हटलं, बाकीची राहिली तर राहोत, याचं नीट व्हायला हवं.”

थोरलीने तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो नव्हता, आणि नेमका आज तिला तो हवा होता.

“कापलेल्या फांद्या कुठायत?” एक हिरवी काडी मिळाली तरी लावता आली असती.

“सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेल्या. का हो?”

खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. पदराखाली थोरलीच्या मुठीत सिकेटर होतं, धार लावलेलं.

“काही नाही,” ती म्हणाली.

“कधी फुटेल आता?”

“पाणी घालत राहा,” थोरली म्हणाली. “मामंजींकडून झारी मी आणून देते तुला.”