सीटखाली लोंबता पट्टा

हुपरीच्या राजमतीला शाळेत असल्यापासून रोज इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागे. त्यामुळं आईनं तिला कधी डोळ्यांआड होऊ दिलं नाही, आणि लग्नानंतर ती राखण नवऱ्यानं, अनेकांतनं, पुढं चालवली. चाळिशी उलटल्यावर तिनं सायकल घेतली आणि एका हिवाळ्यात सांगून टाकलं, "मी एकटी गोव्याला जाणार."

सायकल पातळ चाकांची, शर्यतीची. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या दुकानात सायकलवाला सम्राट म्हणाला, "वहिनी, हिला कॅरिअर बसवायला भोकंच न्हाईत. सीटखाली पट्ट्यांनी पिशवी बांधूया. जड वस्तू सीटकडच्या अंगाला भरा, न्हायतर सायकल झोकांड्या खाईल."

पिशवीत दोन कपडे, पंक्चरचं सामान. इन्सुलिनचं पेन आणि ग्लुकोजच्या पुड्याही त्यातच. त्या एका घोरानं राजमती सारखी मागं हात लावून बघायची.

भोगावतीच्या पुढं ऊन चढलं. तिनं जाकीट पिशवीत कोंबलं, घाईनं पट्टे आवळले. पुढं उसाच्या ट्रॅक्टरला वाट देताना चाक खड्ड्यात आदळलं. तोल सावरण्याच्या नादात मागं बघायचं राहून गेलं. राधानगरीच्या अलीकडं चढावर सायकल हलकी लागतेय असं ध्यानात आलं. हात मागं नेला, तर नुसता लोंबता पट्टा!

तिनं सायकल उलटी वळवली. तेवढ्यात अनेकांतचा फोन.

"समदं ठीक हाय न्हवं?"

"व्हय... ठीक हाय."

जीभ जड झाली होती. ओठ बधिर, कपाळावर गार घाम. साखर उतरत चालली होती. रस्त्याकडेच्या घरापुढं एक म्हातारी म्हशीला वैरण टाकत होती. राजमती कशीबशी उतरली.

"मावशी, साखर द्या. मूठभर."

"बस की, चा टाकते."

"चा नको! नुसती साखर, लवकर!"

म्हातारी, धोंडुबाई तिचं नाव, अख्खा डबाच घेऊन आली. राजमतीनं बकाणा भरला. थरथर ओसरल्यावर तिनं पिशवीची हकीकत सांगितली.

"काळी व्हय? मगाशी ट्रॅक्टरवाल्यानं दूध डेअरीत दिलीया. सायकलवाल्या पावण्यांची म्हनला."

डेअरीत पिशवी मिळाली. एका बाजूनं खरवडलेली, चेन तुटलेली. पेनाचं टोपण तडकलं होतं. पेन चालतंय का बघायला राजमतीनं सुई लावून खटका दाबला. थेंब येईना. पुन्हा दाबला, तेव्हा टोकावर स्वच्छ थेंब आला.

मग तिनंच फोन लावून अनेकांतला खरं सांगितलं.

"न्यायला येऊ?" त्यानं विचारलं.

समोर दाजीपूरचं जंगल होतं, फोंड्याचा घाट होता. भीती गेली नव्हती.

"नको," ती म्हणाली. "पर फोन जवळ ठेवा."

पेन आणि पुड्या तिनं अंगावरच्या खिशात घातल्या, बाकीचं दोरीनं करकचून बांधलं. घाटात ब्रेक दाबून बोटं वळली, पण ती गोव्यात पोहोचली. आधी ठरवून ठेवलेल्या लॉजच्या पायरीवर अनेकांत आधीच येऊन बसला होता. "एसटी रिकामी हुती," तो म्हणाला.