वसंताची बारा फुलं

गल्लीत तिला सगळे बाइंडिंगवाली म्हणत. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिनं कागद दुमडला, कापला, चिकटवला. कारखान्याला टाळं लागलं, पण हात गप्प बसेनात. उन्हाळ्यात कागदी पंखे, पानगळीत पानं, थंडीत चांदण्या. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या उंबऱ्यावर बसून शिकून गेली. पण घरात केलेल्या कामावर शिक्का कोण मारतो? शाळेत हस्तकलेची जागा निघाली, तेव्हा ती तशीच, ताठ मानेनं, मुख्याध्यापिकेसमोर उभी राहिली.

"प्रमाणपत्र?"

"हात आहेत की दोन."

मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. "वसंताची बारा कागदी फुलं करून ठेवा. बुधवारी अकराला घरी येऊन बघते. मग ठरवू."

बुधवारी साडेनऊला पाकळ्या तडकायला लागल्या.

विणायच्या सुईवर गुंडाळली की पाकळी गोल वळायला हवी. या मध्येच मोडत होत्या आणि मोडल्या जागी पांढरी रेघ उमटत होती. एक गेली, दुसरी गेली, दहावी गेली.

"कुणी कापल्या या?" तिनं सुनेवर डोळे वटारले. "लाख वेळा सांगितलं, जाड कागदाला कल असतो. कलानं घेतलं तर वळतो, उलटं घेतलं तर मोडतो. आधी पट्टी ओठानं ओली करून बघायची. ज्या अंगानं गुंडाळते, तो कल. पण तुम्हाला मेली घाई!"

कप विसळणाऱ्या सुनेनं नळ बंद केला. "आई, मी फक्त ताव आणले."

"मग काय भुतांनी कापल्या?"

सुनेनं उरलेला ताव उलटा करून तिच्यासमोर धरला. कोपऱ्यात पेन्सिलीचा बाण होता. "कल बघून खूण मीच केली होती. सोमवारी तुम्हीच पाकळीचा नमुना आडवा ठेवून कापलंत. मी तोंड उघडलं, तर म्हणालात, 'सव्वीस वर्षं काय गवत कापत होते?'"

बाइंडिंगवालीच्या कानशिलांना चटका बसला. घड्याळात पावणेदहा. बाई आल्या की म्हणावं, सुनेनं बिघडवलं. सून काही बोलायची नाही. जागा तर हातची जाणार नाही!

"बघत काय बसलीस? काप," ती खेकसली.

सून कापत गेली, ती वळवत गेली.

अकराच्या ठोक्याला दार वाजलं. नऊ फुलं झाली होती.

मुख्याध्यापिकांनी बोटानं मोजली. "बारा म्हटलं होतं." मग टेबलावरच्या तडकलेल्या ढिगाकडे नजर गेली. "हे कुणाचं?"

सून मान खाली घालून कात्रीवरचा डिंक खरवडत राहिली.

"माझं," बाइंडिंगवाली म्हणाली. शब्द खडा चावल्यासारखा निघाला. "कल न बघता कापलं. हिनं बघितला होता. हिला मीच गप्प बसवलं."

"आणि वर्गात एखाद्या पोरीनं असंच केलं तर?"

"तिला हा ढीग दाखवीन. म्हणेन, बघ, सव्वीस वर्षांची मस्ती किती कागद खाते."

मुख्याध्यापिकांनी खुर्ची ओढली. "तीन राहिलीत ना? करा. बसते मी."

तिन्ही फुलं त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. बारावं हातात फिरवत त्या उठल्या. "सोमवारी साडेदहाला शाळेत. उशीर चालणार नाही."

"उशीर? अहो, सव्वीस वर्षांत एकदासुद्धा..."

सून खाकरली.

बाइंडिंगवालीनं उरलेलं वाक्य गिळलं. "नाही होणार," ती म्हणाली.