दाजींनी पारखलेली गाडी

मी आज जो कोणी आहे तो माझ्या दाजींमुळे आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. पारोळ्याच्या बाजारात ते तोलाईचं काम करायचे. स्वतः दुसरीपर्यंत शिकलेले. आकडे वाचता येतात, सही करता येते, बाकी छापील कागद म्हणजे माशा बसल्यासारखा दिसतो, असं तेच सांगतात. मी सातवीत असताना त्यांनी मला गावाहून आपल्या घरी आणलं आणि बी.एड. होईपर्यंत ठेवून घेतलं. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. दहावीपासूनच ते मला 'मास्तर' म्हणायचे, आधी चेष्टेने, मग सवयीने.

सात वर्षांपूर्वी माझ्या हातून त्यांचा डावा पाय गेला.

आम्ही जळगावहून पारोळ्याला येत होतो. मोटारसायकल मी चालवत होतो, दाजी मागे बसले होते. सूर्य मावळतीला, सगळा उजेड समोरून डोळ्यांत येत होता. पुढे कापसाने भरलेली ट्रॉली होती. मला वाटलं ती चालते आहे. ती उभी होती. शेवटच्या क्षणी मी उजवीकडे वळवली. मी निसटलो, ट्रॉलीचा लोखंडी कोपरा दाजींच्या गुडघ्याखाली बसला.

रस्त्याच्या कडेला पडल्या पडल्या ते मला म्हणाले, "गाडी मी चालवत व्हतो. तू मांगे व्हता. समजलं?"

त्याच महिन्यात एका शाळेवर माझी नेमणूक व्हायची होती आणि पोलीस पडताळणी बाकी होती. तेवढ्या वेदनेत त्यांना ते आठवलं. दवाखान्यात हवालदाराने जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला आणि दाजींनी सही केली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. लायसन माझ्याकडे होतं, त्यांच्याकडे कधीच नव्हतं, त्यामुळे विम्याचंही काही झालं नाही. चार महिन्यांनी ती भरतीच रद्द झाली. ज्या नोकरीसाठी ते खोटं बोलले ती नोकरी उरली नाही, खोटं मात्र उरलं. अक्कालासुद्धा आम्ही खरं सांगितलं नाही. आधी तिला सावरू दे म्हणून, मग उशीर झाला म्हणून.

त्या पायाबरोबर दाजींचं आणखी एक गेलं. आमच्याकडे जुनी मोटारसायकल कोणी एकट्याने घ्यायला जात नाही. बरोबर पारखी नेतात. घेणारा गप्प राहतो, बोलतो तो पारखी. सौदा झाला की गाडी घरापर्यंत पारखीच चालवत आणतो आणि नवा मालक त्याच्या मागे बसतो. वाटेत काही निघालं तर ते पारखीच्या माथी, असा त्याचा अर्थ. दाजी त्या कामात नावाजलेले होते. अमळनेर, एरंडोलपासून लोक त्यांना न्यायला यायचे. या कामाचे ते पैसे घेत नसत, चहा घेत. अपघातानंतर एकही माणूस आला नाही. ज्याला स्वतःची गाडी सांभाळता आली नाही तो दुसऱ्याची काय पारखणार, असं लोक म्हणत. बाजारातलं कामही सुटलं. ते दारात बसून फाटकी पोती शिवू लागले.

मी सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आणि गाडीला हात लावला नाही. लोकांना वाटायचं, मागे बसून पोराने फार पाहिलं, धसका घेतला. मी ते खोडून काढलं नाही.

यंदा मला खरी नोकरी लागली. शाळा धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेला, साक्रीच्या पुढे डोंगरात. बस जिथे सोडते तिथून सात किलोमीटर मुरुमाचा रस्ता, मध्ये ओढ्यांवर दोन ठेंगण्या फरश्या, पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी. शनिवारी धुळ्यावरून पारोळ्याला यायचं तर तोच प्रवास हमरस्त्याने. खड्ड्यात तग धरेल आणि हमरस्त्यावर ट्रकच्या वाऱ्याने हलणार नाही, अशी एकच गाडी हवी होती आणि ती माझ्या ऐपतीत हवी होती. नवी घेणं शक्य नव्हतं.

फोनवर दाजी कधी दोन वाक्यांपुढे जात नाहीत. "बठ्ठं बरं शे", सगळं ठीक आहे, एवढं म्हणतात आणि फोन अक्काकडे देतात. त्या दिवशी त्यांनी तो तिच्या हातून ओढून घेतला.

"गाडी घ्यायला कोणाला नेतोस?"

"कोणाला नाही. एकटाच जाईन म्हटलं."

"एकटा गाडी घेशील? मग नवरी पण एकटाच पाहून ये."

त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही. खरं तर मला बरं वाटलं.

आम्ही रविवारी बसने जळगावला गेलो. गावाबाहेर जुन्या गाड्यांची पाच-सहा दुकानं ओळीने आहेत. दाजी कुबडी न घेता आले होते. नकली पायावर पँट नीट इस्त्री केलेली. पहिल्या दुकानात त्यांनी एक लाल, चकचकीत शंभर सीसीची गाडी पाहिली. मीटरवर फार कमी किलोमीटर होते. दाजींनी मीटर पाहिलंच नाही. ते वाकले आणि मला मागच्या ब्रेकचं पायडल दाखवलं. त्याच्यावरच्या रेघा झिजून ते आरशासारखं गुळगुळीत झालं होतं.

"मीटर खोटं बोलतं मास्तर, पायडल नाही बोलत."

दुसऱ्या दुकानातली मोठी होती, रुबाबदार, तरुण पोरांना आवडणारी. तिला त्यांनी बाजूच्या स्टँडवर लावलं आणि मला उचलायला सांगितलं. माझी दमछाक झाली. "फरशीवर चिखलात पडली तर तिथे कोण येणार शे उचलायला?" ते म्हणाले. आम्ही पुढे निघालो.

तिसऱ्या दुकानात दीडशे सीसीची एक काळी गाडी होती. टाकीवर एक पोचा होता, तो मुद्दाम बुजवलेला नव्हता. दाजींनी आधी इंजिनावर तळहात ठेवला. थंड होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी चालू करून गरम करून ठेवतात, म्हणजे सकाळची अडचण कळत नाही, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलेलं. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते जिथे अडतं ते खालचे अटकाव त्यांनी पाहिले. गाडी कधी जोरात आपटली असेल तर ते वाकलेले असतात. पुढच्या शॉकअपवरून बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं नाही. चेनच्या चाकाचे दात मोजल्यासारखे एकेक पाहिले. सात वर्षांनी मी त्यांना असं पाहत होतो. पोती शिवणारा माणूस कुठे गेला कळलं नाही.

दुकानदार इतका वेळ खुर्चीत बसून बघत होता. जाडजूड, तोंडात सुपारी. तो उठून आला.

"भाऊ, तुम्ही पारोळ्याचे ना? तोलाईवाले?"

"हो."

"मंग तेच ना, ते ट्रॉलीवाले?" त्याने मागे उभ्या असलेल्या दुकानातल्या दोघा पोरांकडे पाहिलं. "पारखणं सोपं शे भाऊ. चालवणं अवघड."

ते दोघे हसले. सगळ्यात मोठ्याने दाजी हसले. "खरं शे," ते म्हणाले.

दुकानदार माझ्याकडे वळला. त्याच्या बोलण्यात कळकळ होती, म्हणून ते जास्त लागलं. "मागे बसले होते ते गुरुजी तुम्हीच ना? तुम्ही नशीबवान. चालवणारा चुकतो आणि जातो तो मागचा. तुमचं उलटं झालं. देवाची कृपा."

दाजी चेनकडे बघत होते. मी म्हणालो, "हो."

एवढाच शब्द. सात वर्षं मी गप्प राहिलो होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी ते खोटं माझ्या तोंडाने बोललो. दाजींच्या समोर.

मग चालवून पाहायची वेळ आली. क्लच सोडला तशी गाडी एक उडी मारून बंद पडली. पुन्हा तेच. "काय गुरुजी, दाजींनी घाबरवून ठेवलं का?" दुकानदार म्हणाला. तिसऱ्यांदा निघालो. पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत आलो. दाजींनी एकच विचारलं, "ब्रेक कसा लागतो?"

"चांगला. सरळ थांबते."

"मंग घे."

सौदा झाला, कागदांवर सह्या झाल्या, चहा झाला. रिवाजाप्रमाणे आता गाडी दाजींनी चालवायची होती. ते शक्य नव्हतं. मग मी चालवायची आणि त्यांनी मागे बसायचं, हे उघड होतं. ते गाडीजवळ येऊन उभे राहिले. मागच्या सीटवर त्यांनी हात टेकला. मी हेल्मेटचा पट्टा लावत होतो, तो लागत नव्हता. बसा म्हणायला एक शब्द पुरला असता. तो माझ्या तोंडून निघाला नाही. त्यांनी सीटवरचा हात काढून घेतला आणि स्वतःच म्हणाले, "मी बसने येतो. तू हळू ये. ऊन डोळ्यावर येण्याआधी निघ."

ते रिक्षाकडे चालत गेले. नकली पाय जमिनीवर पडताना आवाज करतो.

मी एकटा पारोळ्याला आलो. तो रस्ता आता रुंद झाला आहे. ट्रॉली कुठे उभी होती ती जागा मला ओळखता आली नाही. शोधत होतो असंही नाही.

घरी अक्काने गाडीला ओवाळलं, गाडीच्या पुढच्या दिव्याला कुंकू लावलं. शेजारची बाई दारात उभी होती. अक्का तिला कौतुकाने म्हणाली, "माझा भाऊ सांभाळून चालवतो हो. यांच्यासारखी घाई नाही त्याला." मी इतक्या हळू आलो होतो की दाजी बसने आधीच येऊन आत खाटेवर बसले होते आणि पायाचे पट्टे सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. ती त्यांना टोचून बोलली नव्हती. सात वर्षांत तिला ती गोष्ट घरातल्या भांड्यासारखी सवयीची झाली होती.

त्यानंतर तीन आठवडे मी साक्रीकडे होतो. गाडी उत्तम चालली. रोज सकाळी पहिल्या किकमध्ये चालू व्हायची आणि रोज सकाळी मला तो "हो" आठवायचा. पोलिसांतला जबाब बदलणं आता दोघांनाही गोत्यात आणील, हे मला कळतं. पण अक्काला कळणं वेगळं. फोन केला तर दाजी मला थांबवतील, ते माझ्याहून चपळ आहेत. घरी येणारं प्रत्येक पत्र, नोटीस, लग्नपत्रिका अक्का त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. म्हणून मी पत्र लिहिलं, आणि ते दाजींच्या नावाने पाठवलं.

*

तीर्थरूप दाजींना साष्टांग नमस्कार.

गाडी चांगली चालते. परवा फरशीवर घोट्यापर्यंत पाणी होतं, तरी बंद पडली नाही. शाळेतल्या दोन शिक्षकांनी विचारलं, कोणी पारखून दिली. मी तुमचं सांगितलं. दोघांनाही दिवाळीत गाड्या घ्यायच्या आहेत. ते तुमच्याकडे येणार आहेत.

आता जे लिहितो ते अक्का वाचत आहे, हे मला माहीत आहे. अक्का, मध्ये थांबू नकोस. दाजींनी कागद मागितला तरी देऊ नकोस.

त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. दाजी मागे बसले होते. ट्रॉली उभी आहे हे मला कळलं नाही. चूक माझी होती. माझ्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून त्यांनी रस्त्यावर पडल्या पडल्या ते स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. त्यांनी घाई केली नव्हती. ते मला "हळू चाल" म्हणाले होते. तेही मी कधी सांगितलं नाही.

दाजी, मागच्या रविवारी मी घरी न येता परस्पर त्या जळगावच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराला सगळं सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "गुरुजी, नातं राखता, चांगलं शे." त्याने विश्वास ठेवला नाही. बाजारात सांगितलं तरी कदाचित असंच होईल. सात वर्षांत गोष्ट पक्की झाली आहे. तरी मी एकेकाला सांगत राहणार आहे.

अक्का, तू मला काय म्हणशील ते म्हण. महिनाभर बोलली नाहीस तरी चालेल. पण त्यांना आजपर्यंत जे बोललो ते आपण दोघे बोललो, तू नकळत आणि मी कळून.

दाजी, आता अक्का तुमच्याकडे बघत असेल आणि विचारत असेल, हे खरं का. तुम्ही हसाल आणि म्हणाल, पोराच्या मनाला लागलंय, उगाच काहीतरी लिहितो. मी तुम्हाला ओळखतो. तसं म्हणू नका. माझ्यासाठी एकदा खोटं बोललात, ते पुरे झालं. तिला हो म्हणा.

तुमचा,
मास्तर